शिक्का, साबण आणि सबांग

(नाशिकच्या गोदाकाठी दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोसमी वारे आणि शब्दांचा प्रवास'. तिथे पोचणारच आहे, पण आधी शिक्क्याचं सांगतो. घरात आता ते कुणी ऐकून घेत नाही.

आमच्या जावयाने मलेशियातल्या लंकावी बेटावर ३८ फुटी जुनी शिडाची बोट घेतली. नाशिककराचा बोटीचा अनुभव तो किती? गंगापूर धरण. तिथेही मी काठावर बसून मक्याचं कणीस खाणारा. तरी फेब्रुवारीत लेक, जावई, ही आणि मी असे पश्चिमेला निघालो. ईशान्येचा वारा चांगला होता. पहिल्या रात्री मी एकट्याने रामरक्षा म्हटली, दुसऱ्या रात्री जावईही म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी सबांग दिसलं.

सबांग म्हणजे सुमात्राच्या उत्तर टोकासमोरच्या वेह बेटावरचं बंदर. इंडोनेशियाचं 'शून्य किलोमीटर'चं स्मारक याच बेटावर आहे. आपलं इंदिरा पॉइंट, म्हणजे निकोबारमधलं भारताचं दक्षिण टोक, तिथून दोनशे किलोमीटरच्या आत, म्हणजे नाशिक-पुण्याइतकं. हे नाव आधी कुणी ऐकलं होतं? हात वर करा. एकच? तुम्ही माझे व्याही, तुमचा हात धरत नाही.

तर, परक्या बंदरात पिवळा बावटा चढवून थांबायचं. तपासणी होईपर्यंत उतरायचं नाही. तो शुक्रवार होता आणि मच्छीमारांच्या सगळ्या होड्या काठाला. शुक्रवारी मासेमारी बंद, हा तिथल्या 'पांग्लिमा लाओत'चा दंडक. पांग्लिमा लाओत म्हणजे समुद्राचा पाटील म्हणा ना.

मग साहेब लोक आले. आरोग्य, कस्टम, इमिग्रेशन, बंदर. माणसं फार गोड. एकाने हिचा चिवडा तपासला, म्हणजे दोन वाट्या तपासला. पण प्रत्येक कागदावर बोटीचा शिक्का हवा! जावई म्हणाले, शिक्का नाही. साहेबांचा चेहरा असा पडला, जणू आम्ही बोटच विसरून आलोय. आता, माझ्या बॅगेत आमच्या सोसायटीचा शिक्का होता. हसू नका. सेक्रेटरी मी आहे, आणि कमिटीच्या भरवशावर तो मागे ठेवून येण्याइतका मी भोळा नाही. मी बॅगेची चेन उघडली, तेवढ्यात हिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "अहो, परदेशात तरी नको." शेवटी त्यांनीच तोडगा काढला : आज सह्या करा, गावात शिक्का बनवून घ्या, उद्या आणून उठवा. बनवला. त्यावर नांगर आहे. हा बघा, खिशातच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मुद्दा असा. दुसऱ्या दिवशी ही साबण घ्यायला दुकानात गेली. खुणा करून थकली आणि वैतागून मराठीत म्हणाली, "साबण हो, साबण!" दुकानदाराने लगेच काढून दिला. त्यांच्याकडेही 'साबुन'च. किंमत ऐकून ही म्हणाली, "महाग!" तो हसला, "महाल? तिदाक महाल!" म्हणजे, महाग? महाग नाही! आणि दोन अनोळखी माणसं आपापल्या भाषेत दहा मिनिटं घासाघीस करत राहिली. किंमतीला तिथे 'हर्गा' म्हणतात. संस्कृत अर्घ. आपलं 'महाग' म्हणजे महार्घ, त्याच अर्घातलं. डोकं म्हणजे 'कपाला', भाषा म्हणजे 'बहासा', खुर्ची म्हणजे 'कुर्सी'. नवरा म्हणजे 'सुआमी'. हे कळल्यापासून हिने मला त्या नावाने एकदाही हाक मारलेली नाही.

हे शब्द कुणी नेले? वाऱ्याने. अरबी 'मौसिम'चा आपण मोसम केला, त्यांनी 'मुसिम'. इंग्रजांचा मान्सूनही तोच. जायला एक वारा, परतायला उलटा, आणि मधले महिने परक्या बंदरात थांबणं भाग. चार महिने थांबलेल्या माणसाला साबण लागतो, भाव करावा लागतो, कधी लग्नही होतं. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूसजवळ १०८८ सालचा तमिळ शिलालेख सापडलाय, व्यापाऱ्यांच्या 'पाचशे' नावाच्या संघाचा. या संघाचं मूळ गाव आपल्या शेजारचं ऐहोळे, बदामीजवळचं! तेही समुद्रापासून लांब, नाशिकसारखंच. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, सबांगचं डचांच्या काळातलं कोळशाचं बंदर तर राहूनच गेलं...

हो, हो, उतरतो. शिक्का ज्यांना बघायचाय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या. हातावर उठवून देईन.