भाषा ऐकणाऱ्याची, लिपी बोलणाऱ्याची

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गोव्यात राज्यभर फिरणाऱ्या पुढाऱ्याला पेडण्यात मराठीतून बोलावं लागतं, सासष्टीत कोंकणीतून, वास्कोत बरेचदा हिंदीतून. तिन्ही भाषा तोंडात बसलेल्या असतात असं नाही. अशा वेळी त्याला भाषण लिहून देताना भाषा ऐकणाऱ्याची घ्यावी आणि लिपी बोलणाऱ्याची.

याचा सगळ्यात मोठा दाखला १५ ऑगस्ट १९९६ चा. एच. डी. देवेगौडा जूनमध्ये पंतप्रधान झाले होते. मुळचे हासन जिल्ह्यातले, उभं राजकारण कन्नडमधून केलेलं. लाल किल्ल्यावरून ते हिंदीत बोलले. हातातलं हिंदी भाषण होतं कन्नड लिपीत! मला त्यांचं हे फार मोठं वाटतं. मोडकं हिंदी म्हणून हसणाऱ्यांनी दुसऱ्या भाषेत पाच मिनिटं तरी जाहीर बोलून बघावं.

आता यातली मेख बघा. कन्नडमध्ये ख, घ, भ सगळी अक्षरं आहेत, त्यामुळे हिंदी नीट उतरते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, तिथे वाचणारा अडखळणारच. पण कन्नड वाचणारा शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतो. ‘सरकार’ जसंच्या तसं उतरवलं, तर तो ‘सरकारऽ’ असं लांबवेल. म्हणून र चा पाय मोडायचा, मधल्या र चाही. असं प्रत्येक शब्दाचं करायचं. लिपी बदलली म्हणजे काम संपलं असं नाही, उच्चारही लिहावा लागतो.

आपल्याकडे हेच रोमी, म्हणजे रोमन लिपीत होतं. रोमी वाचणाऱ्याला मराठी भाषण द्यायचं तर ट, ड, ण, ळ साठी अक्षर दुहेरी लिहा, श साठी एक्स. रोमी कोंकणीची त्याची सवय तीच आहे. इंग्रजी वळणाने लिहिलंत तर ‘वाट’ची ‘वात’ झालीच म्हणून समजा.

वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवा. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. वाक्य लांबलं की लोक आधीच टाळ्या वाजवतात आणि नकार त्यात बुडतो.

आणि आकडे अक्षरांत लिहा, पुन्हा सांगतो, अक्षरांत. कागदावर १९८७ चा राजभाषा कायदा असं दिसलं, की बोलणारा हटकून स्वतःच्या भाषेतला आकडा बोलतो. मराठीत ‘एकोणीसशे सत्त्याऐंशी’, हिंदीत ‘उन्नीस सौ सतासी’ असं पूर्ण लिहून द्या. मग जिथे भाषण आहे त्याच तालुक्यातल्या माणसाला समोर बसवून एकदा मोठ्यानं वाचा. तो जिथे ‘काय?’ म्हणेल तिथला शब्द बदला.