सड्यावरची सीतेची आसवं

श्रोतेहो, नमस्कार.

गौरी-गणपतीला कोकणात गावी जाणारे तुमच्यापैकी पुष्कळ असतील. या वेळी जमलं तर गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक चक्कर मारा. पाऊस उघडलेला बघून जा आणि कातळावरून जिथे पाण्याचा पातळ थर झिरपत असतो तिथे खाली वाका. करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं दिसतील. देठ दोऱ्यासारखा, वाऱ्याची झुळूक आली तरी लवणारा. दोन ओठांसारख्या पाकळ्या, मधे पांढरा ठिपका, मागे मधाची बारीक नळी. ही सीतेची आसवं.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कास पठारावर, १२०० मीटर उंचीवर, हीच फुलं भाद्रपदात दाटीनं फुलतात आणि पठाराला निळी-जांभळी झाक येते. तो सोहळा पाहायला गर्दी लोटते. पण एवढी फुलं बघून ही वनस्पती कुठेही वाढेल असं वाटत असेल, तर तसं नाही. तिला हवी तशी जागा फार थोडी आहे. हिच्याच कुळातल्या, निळ्या-पांढऱ्या मोठ्या फुलाच्या एका जातीचं वर्णन डाल्झेल या स्कॉटिश अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात केलं. ती तर आपला पश्चिम घाट आणि कोकण सोडून जगात कुठेच उगवत नाही.

तर ही जागा कशी असते? वर जांभ्याचा कातळ. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. चैत्र-वैशाखात अनवाणी पाऊल टेकवत नाही इतका तो तापतो. पावसाळ्यात चार महिने त्याच्यावर पाणी साचतं, वाहतं, पुन्हा साचतं. जे काही नत्र आणि स्फुरद असेल ते पाण्याबरोबर निघून जातं. झाडझुडपांनी इथे मूळ धरायचं तरी कशात?

सीतेच्या आसवांना खरी मुळं नसतातच. खाली चिखलात बारीक तंतू पसरलेले असतात आणि त्यांना मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान पिशव्या लागलेल्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, तिच्या भिंती आत खेचल्या जातात आणि दार घट्ट बंद राहतं. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराशी असलेल्या केसांना लागला, की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. शाईपेनात शाई भरायचा रबरी ड्रॉपर दाबून सोडावा, तसं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मग पाचकरस सुटतात आणि मातीत न मिळालेलं नत्र त्या जीवाच्या शरीरातून मिळतं. मला सगळ्यात आवडतं ते हे, की सापळा चिखलात आणि फूल वर हवेत. फुलावर परागासाठी येणाऱ्या किड्याला काहीही धोका नाही!

पाऊस सरला की रोप वाळून जातं. धुळीएवढं बी कातळाच्या फटीत, वाळल्या मातीत पुढच्या मृगाची वाट पाहत पडून राहतं. तोवर त्याच उघड्या कातळावर टिटवी अंडी घालते.

आता मनाला लागणारी गोष्ट. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पुष्कळदा पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशी असते. मग कुणाला वाटतं, रिकामीच पडली आहे, तर तिचं काहीतरी करावं. चिऱ्यांच्या खाणी लागतात. सुरुंग लावून खड्डे पाडतात, बाहेरून माती आणून भरतात आणि आंबा-काजूच्या बागा होतात. शेतकऱ्याची गरज मला समजते, त्यावर मी बोट ठेवत नाही. पण सद्भावनेनं केलेलं वृक्षारोपणसुद्धा सड्यावर घातकच ठरतं. माती आली, खत आलं, सावली आली, की उंच गवत माजतं आणि या चिमुकल्या रोपाला ऊन मिळेनासं होतं. ते टिकतं ते जमीन निकस आहे म्हणूनच. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, तिथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे. कोकणातल्या शेकडो सड्यांना असलं काहीच कवच नाही.

सड्यावर गेलात तर एवढं करा. पाय उघड्या दगडावर ठेवा, ओल्या हिरव्या भागावर नको. फोटोसाठी आडवं पडू नका, फूल खुडू नका. घरी नेलं तरी ते जगत नाही. आणि ग्रामसभेत सड्यावर झाडं लावायचा ठराव आला, तर उठून सांगा की झाडं रस्त्याकडेला लावू, शाळेभोवती लावू, ओढ्याच्या काठाला लावू. सडा आहे तसा राहू द्या.

नमस्कार.