मानेवरचं जू

[प्रवरेचं पात्र, पहाट. काठावरचं दायमाबाद.]

अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका. १९७४ साली इथला एक शेतकरी झुडपाच्या बुडाशी खणत होता. निघाले ब्राँझचे चार नग: हत्ती, गेंडा, म्हैस आणि ही गाडी. चौघांचं मिळून वजन ६० किलोच्या वर.

[गाडी, जवळून.]

लांबी ४५ सेंटिमीटर. चाकं भरीव, आऱ्या नाहीत. मागे उभा हाकणारा १६ सेंटिमीटरचा. दांडीवर एक कुत्रंही उभं आहे. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पुढे बैलजोडी.

बरेच अभ्यासक ही गाडी इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासची मानतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून या काळाबद्दल शंका काढणारेही आहेत. पण काळ कुठलाही धरा, गाडी म्हटली की कौतुक चाकाचं होतं. बैलाच्या मानेवर काय आहे, ते कोण बघतो?

[नकाशा: बोलन खिंड.]

बलुचिस्तानातलं मेहरगढ, एक प्राचीन वस्ती. तिथं आम्हाला जाता आलं नाही, म्हणून नकाशावर भागवतोय. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-फ्रांस्वा जारीज यांचं उत्खनन तिथं सुरू झालं तेही १९७४ मध्येच. तळाच्या थरांत शिकारीच्या हरणांची हाडं जास्त. वर यावं तशी गुरांची वाढत जातात, आणि गुरं अंगानं लहान होत जातात. रानातलं जनावर दावणीला आल्याची ही खूण. वशिंडवाल्या गुरांची ही गोष्ट सुरू होते सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी.

पण दावणीला आलेलं जनावर लगेच गाडी ओढत नाही.

[शेत. खोंड आणि थोराड बैल.]

हा खोंड अडीच वर्षांचा. आज पहिल्यांदा जू. जोडीला मुरलेला बैल दिलाय. खोंड अडला की तो ओढून नेतो, खोंड उधळला की तो पाय रोवतो. आधी नुसतं जू घेऊन फिरवायचं, मग मागे लाकडाचा ओंडका, मग औत. गाडी सगळ्यात शेवटी. खोंड बडवण्याचं, म्हणजे खच्ची करण्याचं, काम आम्ही चित्रित केलेलं नाही.

[मानेवर कॅमेरा.]

जू बसतं वशिंडाच्या पुढ्यात. दोन्ही अंगांना शिवळा, म्हणजे जुवातल्या उभ्या खुंट्या; गळ्याखालून जोतं, म्हणजे पट्टा. बैल पुढे रेटतो आणि जू मागे सरकू लागलं की वशिंडाला अडतं. ही जागा ज्यानं पहिल्यांदा हेरली, तो चाक घडवणाऱ्याइतकाच मोठा कारागीर.

[मातीच्या खेळण्यातल्या गाड्या, झरझर.]

पुढे धान्य, मडकी, तांबं लांबवर जाऊ लागलं. हडप्पा, मोहेंजोदडो इथं पोरांच्या खेळण्यातही बैलगाड्या आल्या.

[पुन्हा शेत. खोंडानं मान खाली घातलीय. म्हातारबा कासरा सैल सोडतात.]

"हां राजा... चल."

[निवेदन नाही. मूळ आवाज तसाच.]