अंगठा आणि एकवीस फ्रेम

(व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, अगदी जवळून)

अंगठ्याकडे बघा. टोक बी बटणावर दाबलेलं आहे. लेव्हल संपेपर्यंत ते बहुतेक उचललं जाणार नाही. उडी मारायची वेळ आली की त्याच अंगठ्याचं पेर ए बटणावर टेकतं. धावणं आणि उडी, दोन्ही एका बोटाच्या जिवावर.

'सुपर मारिओ ब्रदर्स', 1985. उडी किती उंच जाणार हे धावण्याच्या वेगावर ठरतं आणि बटण किती वेळ दाबून धरलं त्यावरही. हलकी टिचकी, बुटकी उडी. हवेत असताना मारिओला थोडं मागेही ओढता येतं, म्हणजे चूक सावरायला जागा आहे. एका विटेएवढा खड्डा तर तो नुसता धावत पार करतो. हे बघा. पायाखाली काही नाही.

(किल्ल्यातला जिना)

आता 'कॅसलव्हेनिया', 1986. नायक सायमन बेलमाँट चालतो. धावणं त्याला माहीतच नाही. उडी ठरलेल्या उंचीची, आणि पाय सुटले की दिशा बदलता येत नाही. समोरून मेड्युसाचं डोकं नागमोडी येतंय. खेळणारा थांबलाय. अजून थांबलाय. धक्का बसला तर सायमन मागे फेकला जाईल आणि मागे खड्डा आहे. अशा खेळाला लोक संथ म्हणतात. आम्ही नाही म्हणणार. इथे सगळा हिशोब जमिनीवर असतानाच करून ठेवावा लागतो.

(हिरवे डोंगर, लूप)

'सॉनिक', 1991. उतारावर अंगाचा गोळा करून घरंगळा, वेग उतारच देतो. काटे लागले की गोळा केलेल्या रिंगा विखुरतात. बाकी पडद्यावर दिसतंच आहे.

(पुन्हा अंगठा)

सगळ्यात कमी वेळात खेळ संपवण्याच्या विक्रमासाठी मारिओ खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पडद्यावर सेकंदाला सुमारे 60 चित्रं, म्हणजे फ्रेम. लेव्हल संपली की पुढची कधी उघडायची, हे खेळ दर 21 फ्रेमला एकदाच तपासतो. लेव्हलच्या शेवटच्या झेंड्यापाशी पाच फ्रेम लवकर पोहोचलात तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. एका फ्रेमने हुकलात, तर पुढच्या तपासणीपर्यंत ताटकळत बसा. त्यामुळे विक्रम मोडतात तेही बरेचदा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने.

8-4 या शेवटच्या लेव्हलमध्ये मात्र ही सवलत नाही. पुढे लेव्हलच उरलेली नाही, म्हणून एकेक फ्रेम मोजली जाते. पूल, खलनायक बाउझर, त्याच्या मागे कुऱ्हाड.

(अंगठा बी वरून उचलला जातो.)