रात्रभर हवा धरली पाहिजे

[दृश्य : टेबलावर जाड कापड. त्यावर अक्रोडी दस्त्याची, काळपट नळीची रायफल. खिडकीतून सकाळचा उजेड.]

आधी फक्त ऐका.

[पंपाची दांडी उघडते, मिटते. पाठोपाठ बारीक ‘फिस्स’.]

हवेच्या दाबानं छर्रा सोडणाऱ्या या रायफलीचं सगळं दुखणं या एका आवाजात आहे. दांडी मिटली, हवा आत गेली, आणि माझा हात दांडीवरून निघायच्या आत बाहेरही पडली. चाप ओढला तर घोड्याची कोरडी ‘टक्’ ऐकू येते. छर्रा जागचा हलत नाही.

तिला मेलेली म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. हिचं पितळ शाबूत आहे, लाकूड शाबूत आहे, नळीच्या आतल्या पेचदार खाचा अजून लख्ख आहेत. गेलं आहे ते रबर, म्हणजे मूठभर वजनसुद्धा भरणार नाही एवढा ऐवज.

[दृश्य : नळीला लोहचुंबक लावला जातो. चिकटत नाही, घसरून पडतो.]

चुंबक चिकटला नाही, कारण वरच्या काळ्या थराखाली पितळ आहे. ही शेरिडन कंपनीची मॉडेल सी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावात या कंपनीनं 1947 साली आपली पहिली रायफल काढली. ती देखणी होती, पण महाग पडली. मग 1949 मध्ये तिचं साधं रूप आलं, ते हे मॉडेल सी. काळ्या रंगातली ब्लू स्ट्रीक, निकेलचा मुलामा दिलेली सिल्व्हर स्ट्रीक. छर्रा 5 मिलिमीटरचा, म्हणजे नेहमीच्या .177 आणि .22 इंची छर्ऱ्यांच्या मधला. पुढे 1977 साली बेंजामिन कंपनीनं शेरिडन विकत घेतली आणि 1992 साली क्रॉसमन कंपनीनं दोघींनाही. नावं बदलत गेली, तरी आतली रचना दशकानुदशकं जवळपास तीच राहिली. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीनं हे मोठंच भाग्य, कारण सुटे भाग आणि सील, म्हणजे हवा अडवणारे रबरी भाग, आजही नव्यानं बनतात.

हवेची बंदूक मात्र याहून कितीतरी जुनी. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरार्डोनीची हवेची रायफल होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरायला वेगळ्या हातपंपाचे सुमारे 1500 फटके मारावे लागत. लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी 1804 साली अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातही एक हवेची बंदूक होती. आपल्यासमोरच्या रायफलीत पंप बंदुकीच्या पोटातच आहे आणि काम तीन ते आठ पंपांत भागतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. टाकी नको, सिलिंडर नको, स्प्रिंगही दाबायला नको. माणसाचा हात आणि भोवतालची हवा, एवढ्यावर ती चालते.

[दृश्य : बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढला जातो. नळीच्या मागच्या तोंडात बॅटरीचा उजेड.]

पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी. नळीत छर्रा नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचं, अंदाजानं ठरवायचं नाही. आणि आत हवा नाही ना, याची खात्री करायची. या बनावटीत घोडा झडपेच्या दांडीवर आदळतो आणि झडप क्षणभर उघडते. आठाच्या पुढे पंप मारले, तर आतला दाब इतका वाढतो की घोड्याचा ठोका झडप पुरती उघडू शकत नाही आणि थोडी हवा मागे राहते. म्हणून तोंड सुरक्षित दिशेला धरून, घोडा चढवून, पुन्हा पुन्हा चाप ओढायचा. ‘फट्’ बंद होऊन नुसती ‘टक्’ उरेपर्यंत. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता निदान. माझ्या मते खरी दुरुस्ती इथेच होते, पुढची सगळी अंमलबजावणी.

हवा पळायला मुख्य वाटा दोन. एक पुढे, नळीच्या तोंडातून. दुसरी मागे, पंपाच्या पोकळीत. मधे झडपेचं घर. त्यात दोन झडपा पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात : एक हवा आत घेणारी, दुसरी छर्ऱ्यामागे सोडणारी.

[दृश्य : नळीच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा. तीन पंप. पडदा फुगत नाही.]

बुडबुडा आला असता, तर सोडणारी झडप गळते असं म्हटलं असतं. तो आला नाही. आता दांडीकडे पाहा. मिटलेली दांडी आपोआप उघडू लागते आहे, जणू आतून कुणी ढकलतंय. हवा मागे फिरून दट्ट्याला रेटते आहे. म्हणजे आत घेणारी झडप बसत नाही. एक थेंब पाणी आणि थोडा धीर, एवढ्यावर रायफल न उघडता दुखणं हाती लागलं.

[दृश्य : पंचनं पिन सरकवली जाते. दांडी, मग दट्ट्या बाहेर येतो.]

पिना काढताना घाई नको. पिनेच्या जाडीचाच पंच, खाली लाकडाचा ठोकळा, हलके ठोके. प्रत्येक भाग निघाला की त्याचा फोटो, आणि निघाला त्याच क्रमानं कापडावर रांग.

दट्ट्या बाहेर आला तो घट्ट, राखाडी ग्रीसनं माखलेला. पूर्वी कुणीतरी कळवळ्यानंच हे थापलं असेल, पण जाड ग्रीस धूळ धरून ठेवतं, आणि ती धूळ प्रत्येक पंपाला नळीच्या भिंतीवर घासत राहते. या पंपाची गरज वेगळी. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा वायसर असतो, सायकलच्या पंपात असतो तसाच. दाब आला की वाटीची कड फुगून भिंतीला चिकटते. वाटीमागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती असते. तेल शोषायचं आणि फटक्यागणिक भिंतीला थोडं थोडं पुसायचं, हे तिचं काम. नमदा कोरडा पडला की वाटी कोरडी घासते, कडक होते, तडकते. इथली वाटी नखानं दाबली तर प्लास्टिकसारखी टणक लागते. रबराचं वय असं हाताला कळतं.

[दृश्य : पंपाच्या नळीत खोलवर उजेड. तळाशी खाचा असलेला पितळी नट.]

झडपेचं घर या नटानं आवळलेलं असतं, आणि तिथवर पोचायला लांब पाना लागतो. मी तो पोलादी नळीच्या तुकड्याला कानशीनं दोन जिभा काढून घरीच बनवला. नटाच्या खाचेवर जुने ओरखडे आहेत. कुणीतरी लांब पेचकसानं एकाच बाजूनं नट फिरवायचा प्रयत्न केलेला दिसतो. पितळ मऊ असतं, एकदा खाच झिजली की नट सहजी निघत नाही. पाना नीट बसेपर्यंत कानस चालवण्यात माझी एक दुपार गेली, आणि त्या दुपारचं मला जरासुद्धा वाईट वाटत नाही.

नट निघाला. त्यापाठोपाठ झडप.

[दृश्य : तळहातावर इवलीशी झडप. भिंगातून तिचा चेहरा.]

हिच्या रबरी चेहऱ्यावर गोल वळ पडला आहे, वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिल्याचा. त्या वळात, भिंगाखाली, केसाएवढी चीर. आणि चिरेत धातूचा एक कण.

हा कण. एवढ्याशा कणामुळे ही रायफल बंद पडून होती.

[काही क्षण शांतता.]

झडपा आणि ओ-रिंग सगळ्या नव्या घातल्या. एक रबर गेलं की त्याच वयाची बाकीचीही वाटेवर असतात, म्हणून अर्धी बदलण्यात अर्थ नाही. झडप ज्या पितळी कडेवर टेकते, तिला मात्र पॉलिश पेपर लावायचा नाही. तिथला एक आडवा ओरखडा नव्या झडपेलाही गळका ठेवील. मऊ कापडानं पुसायचं, भिंगानं पाहायचं, पुन्हा पुसायचं.

जोडणीत सगळ्यांत नाजूक काम दट्ट्याच्या लांबीचं. दांडी पूर्ण मिटली की दट्ट्याचं टोक झडपेच्या घराला टेकलं पाहिजे. मधे फट राहिली, तर त्या फटीतली हवा दाबली जाते, पण झडपेपलीकडे जात नाही. दांडी उघडली की ती पुन्हा फुगते, आणि तेवढी मेहनत वाया जाते. आतला दाब जसा वाढतो तसं हे नुकसानही वाढतं. शेवटी अशी वेळ येते की माणूस घाम गाळून पंप मारतो आणि आत काहीच जात नाही. उलट दट्ट्या जास्त लांब ठेवला, तर तो झडपेच्या घरावर आपटतो. बरोबर लांबी हाताला कळते : रिकामी दांडी मिटताना अगदी शेवटी हलकासा अडसर, लोण्यात बोट टेकावं तसा.

[दृश्य : दस्ता. ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री. वाफ.]

लाकडावरचे खोलगट पोचे वाफेनं वर आले, कारण तिथले तंतू फक्त दबलेले होते. तुटलेले असते तर आले नसते. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पसरून वाळवा.

नळीचा काळा थर जागोजागी झिजून पितळ दिसतं आहे. घासून सोन्यासारखी चकाकी आणता आली असती. मी हात लावला नाही. ही झीज पंप मारणाऱ्या हातांनी केली आहे आणि ती त्यांचीच राहू दे. शिवाय छर्ऱ्याची नळी खालच्या नळीला झाळून जोडलेली आहे. पंप मारताना वरची नळी मुठीत धरली तर हा झाळ सुटू शकतो. वापरणाऱ्यानं हे लक्षात ठेवायचं, आणि दुरुस्त करणाऱ्यानं तिथं ज्योत न्यायची नाही.

[दृश्य : नमद्यावर तेलाचे थेंब. रायफल पूर्ण जोडलेली.]

नमद्याला खास पंप-रायफलीचं तेल. गंज सोडवायला डब्ल्यूडी-फॉर्टीसारखे फवारे मिळतात, ते इथं नकोत. सील खराब होऊ शकतात.

तीन पंप. प्रत्येकानंतर थोडा दम, कारण दाबलेली हवा तापते. दांडी मिटली, आणि मिटलेलीच राहिली. साबणाचा पडदाही सपाट.

पण एवढ्यानं समाधान मानायचं नाही. भरलेली रायफल, नळीत छर्रा नसलेली, कुलपात ठेवली. रात्रभर.

[दृश्य : अंधार. मग खिडकीत उजाडतं. कुलूप उघडण्याचा आवाज.]

सकाळ. दांडी काल होती तशीच. रायफलीचं तोंड मातीनं भरलेल्या पेटीकडे. बोल्ट मागे, एक छर्रा, बोल्ट पुढे.

[चाप. ‘फट्’. पेटीतून मातीचा बारीक धुरळा उठतो.]