मशीन किती दाती?

[दृश्य: माळेगावचा जनावरांचा बाजार. सकाळ. धुळीत उभी बैलांची रांग.]

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोडे येतात, गाढवं येतात, आणि आमचे लाल कंधारी बैल येतात. शिंगं रंगवलेली, अंगावरून तेलाचा हात फिरवलेला. पण घेणारा माणूस शिंगांकडे बघत नाही. तो जबडा धरतो, खालचा ओठ अंगठ्यानं दाबतो आणि दात मोजतो. मोठे दात दोनच आले असतील तर बैल दोन-अडीच वर्षांचा, चार असतील तर तीनच्या आसपास, आणि आठही आले की जुळला, म्हणजे पुरता वयात आला. विकणारा वय काहीही सांगो. रुमालाखाली बोटांनी सौदा होतो तो त्यानंतर.

माझ्या अण्णांची दात बघण्यात चूक होत नाही. बारावीनंतर त्यांनी मला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. आडतीवर सोयाबीन घातलं होतं, पट्टी हातात आली होती, त्यातलेच पैसे. दुकान जिल्ह्याच्या गावी. डब्यावर 'कोअर आय फाइव्ह'चं चकचकीत स्टिकर होतं. आम्ही दोघांनी ते वाचलं आणि पैसे मोजले.

तीन महिन्यांनी कॉलेजातल्या एका मित्रानं काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला. आत होता कोअर टू डुओ, ई 7500. स्टिकरवरच्या नावापेक्षा जुन्या घराण्यातला. दोन कोअरचा, म्हणजे काम करणारे भाग दोनच, 2009 सालचा. अण्णांना हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

[दृश्य: कंधार तालुक्यातल्या एका गावची शाळा. बंद खोलीचं कुलूप उघडतं. कापडी खोळी घातलेले पाच कॉम्प्युटर.]

या खोलीतली मशीन चार वर्षांपासून बंद आहेत. रजिस्टरमध्ये त्यांची नोंद एका ओळीत संपते: 'संगणक संच, नग 5'. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार आहे. सही झाली की हे पाचही भंगारात जातील. सरांनी सही करण्याआधी एक दिवस मागून घेतला. त्यांच्या खिशात एक पेनड्राइव्ह आहे, त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली. मशीन पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात नाही, आणि खर्च काहीच नाही.

पहिल्या मशीनमधून फुंकर मारून काढलेली धूळ अजून खोलीत तरंगते आहे. काळ्या रानातली धूळ, उन्हाळ्यात ती कुठंही शिरते.

आठवीतला एक मुलगा विचारतो, "सर, हे किती जुनं हाय?"

"मला कशाला विचारायलास? त्यालाच विचार की."

[दृश्य: कीबोर्डवर बोटं. टर्मिनलची काळी खिडकी.]

एल, एस, सी, पी, यू. पाच अक्षरं आणि एंटर. आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पंख्याखाली झाकलेला, काड्यापेटीएवढा. पडद्यावर ओळी उतरतात. मॉडेल: इंटेल कोअर आय थ्री, 2100. कोअर दोन, प्रत्येकी दोन थ्रेड. म्हणजे कामाला चार हात. 2100 मधला पहिला 2 पिढी सांगतो: दुसरी पिढी, 2011 साल.

हे उत्तर येतं कुठून, ते सांगायलाच हवं. प्रोसेसर घडतो तेव्हाच त्याची ओळख त्याच्यात भरलेली असते. सीपीयू-आयडी नावाचा एक हुकूम असतो, 1993 च्या पेंटियमपासून तो सगळीकडे पोचला. हुकूम मिळाला की प्रोसेसर आधी बनवणाऱ्याचं नाव सांगतो. इंटेलचा असेल तर 'जेन्युइन इंटेल', एएमडीचा असेल तर 'ऑथेंटिक एएमडी'. रोमन लिपीत दोन्हीची अक्षरं बरोबर बारा. त्यापाठोपाठ मॉडेलचं पूर्ण नाव. स्टिकर कुणालाही चिकटवता येतं. हे नाव नखानं खरवडून निघत नाही.

आता रॅम, म्हणजे चालू काम मांडून ठेवायची मशीनची जागा. ती कमी पडली की मशीन रेंगाळतं. इथं कमांड आहे डीएमआय-डीकोड, आणि तिच्याआधी 'सुडो' लिहावं लागतं, कारण ही यादी मशीन कुणालाही दाखवत नाही. उत्तर असं: रॅमच्या जागा दोन. एकीत 2 जीबी, प्रकार डीडीआर थ्री. दुसरीसमोर लिहिलंय, काही बसवलेलं नाही. जास्तीत जास्त किती चालेल? 16 जीबी.

सर त्या रिकाम्या जागेच्या ओळीवर बोट ठेवून थांबतात. चार वर्षं ही मशीन 'हळू चालतात' म्हणून बंद होती. आत एक जागा तशीच मोकळी होती. बाजारात जाताना आता 'रॅम द्या' एवढंच म्हणायचं नाही. डीडीआर थ्री म्हणायचं. डीडीआर फोरच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती इथं बसणारच नाही.

मात्र ही यादी बायोसनं, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या आतल्या प्रोग्रामनं, लिहून ठेवलेली असते, प्रोसेसरसारखी थेट तोंडून आलेली नसते. तिच्यात चुका असू शकतात, हे या कमांडची माहितीपुस्तिकाच बजावून सांगते. कित्येक मशीनवर सिरियल नंबरसमोर नुसतं 'बनवणाऱ्यानं भरावे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. रकाना छापलेला, भरायचा राहून गेलेला. म्हणून सर डबा उघडून दोन्ही जागा डोळ्यांनी बघतात, मगच कागदावर लिहितात.

[दृश्य: दुसरं मशीन. नेटवर्कच्या चिन्हावर फुली.]

दुसऱ्यावर इंटरनेट दिसत नाही. मग आत बसवलेल्या भागांची यादी देणारी कमांड: एल-एस-पी-सी-आय, पुढे दोनदा एन. प्रत्येक भागासमोर कंसात आकड्यांची जोडी येते. आधी कंपनीचा नंबर, मग वस्तूचा. इंटेलचा नंबर आहे 8086. कंपनीनं 1978 मध्ये आणलेल्या प्रोसेसरचं नावच तिनं आपला क्रमांक म्हणून घेतलं. नेटवर्क कार्डासमोर 10 ईसी, म्हणजे रिअलटेक. या नंबरांची नावं सांगणारी एक भलीमोठी यादी मार्टिन मारेश या चेक प्रोग्रामरनं उभी केली. जगभरची माणसं तिच्यात भर घालतात आणि ती सगळ्यांना फुकट मिळते. कंधारच्या शिवेवरची ही शाळाही ती वापरते आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. कार्ड ओळखलं गेलं. दोष त्याचा नव्हता, केबल उंदरांनी कुरतडली होती.

तिसऱ्या आणि चौथ्याचं उत्तर पहिल्यासारखंच. पाचव्यापाशी मात्र थांबावं लागतं.

[दृश्य: पाचवं मशीन. हार्ड डिस्कचा खरखर आवाज, अगदी जवळून.]

इथं कमांड स्मार्ट-सीटीएल. हार्ड डिस्क स्वतःची डायरी ठेवते, ती ही कमांड वाचते. आधी चालू राहिल्याचे तास. वर्षाचे तास होतात 8,760. या डिस्कवर आहेत 9,214. चालली वर्षभर, बाकीची वर्षं नुसती उभी होती. मग येते पाचव्या क्रमांकाची नोंद. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क तिथला मजकूर राखीव जागेत हलवते आणि मोजून ठेवते. इथं शून्य हवा. आहेत 312. शेजारी, हलवायच्या बाकी असलेल्या जागा, 40.

"ही डिस्क नको," सर म्हणतात. "बाकी मशीन चांगलं आहे. मुलांच्या फायली हिच्यावर ठेवायच्या नाहीत."

मुलगा खाली वाचत जातो. 192 क्रमांकाची नोंद. डिस्क फिरत असताना वीज अचानक तुटली की वाचणारी सुई घाईनं मागे ओढून घ्यावी लागते. काही कंपन्यांच्या डिस्क तेही मोजतात.

"सर, 1,146 हाय."

सर काही बोलत नाहीत. भारनियमनाचे तास, पावसाळ्यात पडलेले खांब, जळालेली डीपी, तास चालू असताना विझलेले पडदे. गावात कुणी त्याची नोंद ठेवली नव्हती. ती या डब्यात होती.

मुलगा वहीत आकडा लिहायला घेतो. तेवढ्यात छतावरचा पंखा मंदावतो. पडदा काळा होतो, डिस्क खट् आवाज करून थांबते. लाइट गेली.

अंधारलेल्या खोलीत मुलगा लिहिलेला आकडा खोडतो.

"1,147, सर."

[दृश्य: वहीचं पान. खोडलेला आकडा, शेजारी नवा.]