आठ गोळ्या आणि टिंग

श्रोतेहो, नमस्कार.

आज बंदुकीबद्दल बोलायचं आहे. बंदूक खोटी आहे, संगणकातली, पण तिच्यापायी माझी बरीच वर्षं गेली.

2006 च्या सुमाराला तेल्हाऱ्यात माझं नेट कॅफे होतं. नेट नावापुरतंच. सहा जुने संगणक, एकमेकांना वायरीनं जोडलेले, तासाला दहा रुपये. दिवसा पोरं निकाल पाहायला आणि अर्ज भरायला यायची. संध्याकाळी लाईन असली की तीच पोरं ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळायला बसायची. सीडी कुठून आणली होती ते विचारू नका.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर जे दिसतं ते तुमच्या डोळ्यांनी दिसतं. पुढे मोडकी भिंत, धूर, बर्फ, आणि खाली उजव्या कोपऱ्यातून पुढे आलेली बंदूक. तुमचा चेहरा दिसत नाही. मान वळवायची तर माऊस हलवा, गोळी झाडायची तर माऊसचं बटण दाबा, बंदूक भरायची तर ‘आर’ दाबा. 2003 मध्ये आलेल्या या पहिल्या भागात दुसरं महायुद्ध तीन बाजूंनी खेळायला मिळतं: अमेरिकन, ब्रिटिश आणि सोव्हिएत. आमची पोरं सातवी-आठवीच्या इतिहासात कधी रमली नाहीत, पण व्होल्गा नदी कुठं आहे आणि स्टालिनग्राडला काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. त्या स्टालिनग्राडमध्ये तुम्ही नावेतून उतरता तेव्हा हातात नुसत्या गोळ्या देतात, बंदूक देतच नाहीत. पोरांना ते खरंच वाटायचं. इतिहासकारांच्या मते ही गोष्ट बरीच फुगवलेली आहे, पण हे मला फार उशिरा कळलं, तोवर मीच कितीतरी जणांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

पण आमच्या कॅफेची लाडकी होती अमेरिकन सैनिकाची रायफल. एम वन गॅरंड. तिच्यात आठ गोळ्यांची पत्र्याची क्लिप बसते. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप वर उडते आणि आवाज येतो, टिंग. खऱ्या बंदुकीतही असंच होतं. सहा संगणकांवर सहा पोरं, आणि सगळीकडून टिंग, टिंग, टिंग. शेजारच्या भांड्याच्या दुकानदारानं एकदा येऊन विचारलं होतं, “माये वाटे कोन पाडून रायलं बे?”

आता यात एक गंमत आहे. या खेळात गॅरंड अर्धवट रिकामी असेल तर ती मध्येच भरता येत नाही. आठच्या आठ संपवाव्या लागतात. मग पोरं काय करायची? दोन गोळ्या उरल्या की समोरच्या भिंतीवर झाडून टाकायची, धाड, धाड, टिंग, आणि नवी क्लिप आत.

एका संध्याकाळी पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला आमच्या गावचे एक फौजी काका आले. प्रिंटर नेहमीप्रमाणे कागद गिळून बसला होता, म्हणून ते मागच्या बाकावर टेकले आणि पडद्याकडं पाहू लागले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग एका पोरानं भिंतीवर दोन गोळ्या झाडल्या, तसे ते उठूनच उभे राहिले.

“भिंतीनं काय केलं रे तुयं?”

पोरानं समजावून सांगितलं. काका म्हणाले, “आमच्याकडं फायरिंग झालं का खोखे येचा लागे. खोखे म्हंजे रिकामे काडतुसं. जेवढ्या गोळ्या देल्ल्या तेवढे खोखे वापस. एक कमी पडला तं सगळी पलटन गवतात वाकून शोधे, संध्याकाळ होवो का रात होवो. आन् तू भिंतीले देऊन रायला!”

पोरं हसली. काका पण हसले. मग म्हणाले, मले थ्री नॉट थ्री दाखव. ब्रिटिश मोहिमेत ती होतीच, ली एनफिल्ड. भरती झाले तेव्हा त्यांच्या हातात पहिली हीच आली होती. पोरानं नेम धरला, बटण दाबलं, पडद्यावरच्या हातानं आपोआप बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला. काकांचा उजवा हात मांडीवरून आपसूक उचलला गेला. अंगठा आणि बोट जुळलेले, वर, मागं, पुढं, खाली. पोर पुन्हा बटण दाबी, काकांचा हात पुन्हा चाले. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

प्रिंटर सुरू झाला. कागद घेताना एवढंच म्हणाले, “चार किलोची रायते ते. तुया गडी धावून रायला तसा मी एक दिवस धावलो असतो तं बरगड्या मोजता आल्या असत्या.”

त्या दिवसापासून मला खेळातली बंदूक भरण्याची जागा दिसायला लागली. नेम, धमाके, आरडाओरडा हे सगळे खेळ हौसेनं करतात. भरणं मात्र एका बटणावर भागवतात. आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची काढता-घालता येणारी पेटी, असलेल्या बंदुकीत तर अर्धी मॅगझिन फेकली तरी तिच्यातल्या गोळ्या हिशेबात तशाच शिल्लक! असा सावकार आमच्या तालुक्यात भेटला असता तर काय पाहिजे होतं.

खऱ्या लढाईत तेवढ्या दोन-तीन सेकंदांत काय होतं, ते यशवंत घाडगे यांच्या हकिकतीत आहे. रायगडकडचे बावीस वर्षांचे नाईक, मराठा लाइट इन्फंट्रीचे. 10 जुलै 1944, इटली. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, टॉमी गनच्या गोळ्यांनी एकाला पाडलं. मॅगझिन संपली. बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी खेळलेल्या कुठल्याही खेळात ‘आर’ दाबायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरायची वेळ आली नाही.

जखमांचंही तसंच. पहिल्या भागात निदान औषधाची पेटी शोधून उचलावी लागे. 2005 च्या दुसऱ्या भागापासून तेही गेलं. गोळी लागली, पडदा लाल झाला, भिंतीआड दोन क्षण दम खा, की गडी ठणठणीत.

सगळेच खेळ असे नाहीत, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. 2016 साली पहिल्या महायुद्धावरचा ‘बॅटलफील्ड वन’ आला. तोवर माझं कॅफे बंद होऊन मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. भाच्याच्या संगणकावर पाहिला. त्याच्या सुरुवातीलाच तुम्ही कृष्णवर्णीय अमेरिकन पलटणीतले सैनिक होता, आणि मरता. कितीही चांगले खेळा. मेलात की पडद्यावर एक नाव येतं, जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि तुम्ही दुसऱ्याच सैनिकाच्या डोळ्यांतून पाहू लागता. मग त्याचंही नाव येतं. भाचा पहिल्यांदा म्हणाला, “मामा, माउसमधीच काही फॉल्ट हाये.” तिसऱ्या नावानंतर गप्प बसला.

आता घराजवळचं. याच भाच्याला मी गेल्या दिवाळीनंतर अडगावला नेलं. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांचा रोजचा रस्ता असेल तो. 29 नोव्हेंबर 1803 ला तिथं नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज एका बाजूला, आणि इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीची दुसऱ्या बाजूला. हाच पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तशा त्याच्या पुढच्या पलटणी मोडून मागं पळाल्या, त्यानं स्वतः त्या पुन्हा उभ्या केल्या. लढाई दुपार कलल्यावर लागली, आणि पाठलाग चांदण्यात झाला. पंधरवड्यात गाविलगड पडला, दोन दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

मी त्याला हे सगळं सांगत होतो. तो चारी बाजूंना पाहत होता. उत्तरेला सातपुडा, बाकी सपाट. त्यानं विचारलं, “मामा, कव्हर कुठं हाये?”

नव्हतंच. पऱ्हाटी, तूर आणि धुरे. तेव्हा ज्वारी उभी असेल कदाचित, पण ज्वारी गोळी अडवत नाही.

मग मी त्याला ठासणीची बंदूक सांगितली. कागदाचं काडतूस दातानं फोडायचं. चिमूटभर दारू रंजकाला, म्हणजे ठिणगी पडते त्या बाजूच्या खळग्यात. उरलेली नळीत. वरून गोळी आणि कागद. गज काढायचा, ठासायचं, गज परत जागेवर. मग घोडा मागं, नेम, चाप. तयारीचा शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन वेळा झाडी. म्हणजे एका गोळीमागं वीस ते तीस सेकंद, उभ्यानं, समोरून तोफ चालू असताना.

त्याला ते पटेना. म्हणून तो तुरीच्या काडीचा गज करून धुऱ्यावर उभा राहिला आणि मी मोबाईलवर सेकंद लावले. पहिल्यांदा गज परत ठेवायचा विसरला. दुसऱ्यांदा रंजक विसरला. तिसऱ्यांदा दात लावून थुंकला तेवढ्यात बंडी घेऊन चाललेल्या एका बाबांनी बैल थांबवले.

“काय झालं बाप्पा, पोराले काही चावलं का?”

“नाही बाबा,” मी म्हणालो, “बंदूक भरून रायला.”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, तुरीकडं पाहिलं. म्हणाले, “मंग जल्दी भर म्हना. रातच्याले रानडुकरं येतेत.”